प्रगतिपुस्तकास खुले पत्र

सन्माननीय प्रगतिपुस्तक यांसी,
सा. न. वि. वि.

प्रथम सत्र संपले आणि आपले आमच्या घरी आगमन झाले. आमचे चिरंजीव दुसरीत आहेत. मराठी वाचण्यात ते कुठवर पोचले, एवढेच कळावे अशी माफक अपेक्षा होती. आपण मात्र भरभरून दिलेत. 'विशेष प्रगती' या रकान्यात लिहिले आहे, 'कविता तालासुरात, साभिनय म्हणते.' म्हणते! एका सत्रात मुलाची मुलगी झाली, ही प्रगती विशेषच म्हणायची. नोंद शेजारच्या बाकावरून सरकली असेल किंवा शिक्षकांच्या ग्रुपवर फिरणाऱ्या तयार नोंदींच्या पीडीएफमधून उतरली असेल. पुढे 'आवड/छंद'मध्ये 'अवांतर वाचन', आणि 'सुधारणा आवश्यक'मध्ये 'वाचनाचा सराव हवा'. श्रेणी अ-2. आता आनंद मानावा की काळजी करावी, यावर घरात अजून एकमत नाही.

2010 मध्ये राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. नुसत्या गुणांनी मूल कळत नाही, त्याचे वर्णन लिहा, असा त्यामागचा विचार होता. आपण तो इतका मनावर घेतलात की आपले वर्णन आता कुठल्याही मुलाला चालते.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 24 नुसार शिक्षकाने पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती त्यांना सांगायची असते. सभा होतात, नाही असे नाही. गणवेश, आधार कार्डाची झेरॉक्स आणि स्नेहसंमेलनाचे कपडे एवढे विषय उरकेपर्यंत निम्मे पालक घड्याळ बघत उठलेले असतात. पालकांच्या ग्रुपवरही माहितीला तोटा नाही. 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाचे ढीगभर फोटो येतात. पुस्तक सगळ्यांच्या हातात, नजर सगळ्यांची कॅमेऱ्याकडे.

शेवटी घरीच पुस्तक उघडले. चिरंजीवांनी धडा धडाधड वाचून दाखवला. फक्त बोट चौथ्या ओळीवर होते आणि तोंड सहाव्या. अख्खा धडा पाठ! मग न पाहिलेले गोष्टीचे पुस्तक पुढे केले. 'सूर्य'चा 'सूय' झाला, 'गर्दी'ची 'गदी' झाली आणि 'पर्वत' आला तेव्हा चित्राकडे बघून स्वारी 'डोंगर' म्हणून मोकळी.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाशी बाईंना गाठले. त्या चपला सरकवता सरकवता म्हणाल्या, "अहो, त्याला रफार दिसतच नाही. जोडाक्षर आलं की अंदाजाने ठोकून देतो. रोज रफाराचे चार-पाच शब्द घ्या आणि पाठ्यपुस्तक सोडून दुसरं काहीतरी वाचायला द्या. पाठांतर दांडगं आहे, त्यामुळे फसायला होतं." अर्ध्या मिनिटात सगळे सांगून बाई वर्गात गेल्या. त्यांना सगळे ठाऊक होते, प्रगतिपुस्तकराव. फक्त आपणास ठाऊक नव्हते.

बाईंना दोष देण्यात अर्थ नाही. वर्गातल्या प्रत्येक मुलाची प्रत्येक विषयाची नोंद, वर ऑनलाइन भरायची माहिती, अधूनमधून मतदार याद्या. एवढ्यातून रफारापर्यंत पोचायला आपण त्यांना रकाना तरी कुठे ठेवला आहे? आणि आम्ही पालक तरी काय विचारतो? "कितवा आला?"

2021 च्या 'निपुण भारत' अभियानाने दुसरीअखेर मुलाने मिनिटाला 45 ते 60 शब्द अर्थ समजून वाचावेत, असे लक्ष्य ठरवले. आपल्या पानांवर या लक्ष्याचा मागमूस नाही. 2005 पासून 'प्रथम' या संस्थेच्या 'असर' पाहणीचे कार्यकर्ते गावोगाव घरी जाऊन मुलांपुढे एक साधा कागद धरतात. त्यावर अक्षरे, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट असते. मूल कुठे अडले, ते ओसरीवर बसलेल्या आजीलाही कळते. त्या कागदाला आपल्यासारखे रंगीत मुखपृष्ठ नाही, ही त्याची उणीव मान्य.

तरी एक नम्र विनंती. 'शालेय शिस्त आत्मसात करतो', 'नीटनेटका राहतो' वगैरे नोंदींना पुढच्या सत्रात रजा द्यावी आणि त्या जागी फक्त तीन ओळी याव्यात : न पाहिलेला मजकूर मूल कितपत वाचते, कुठे अडते आणि घरी काय करून घ्यायचे. बाईंना त्या तोंडपाठ आहेत. लिहायला वेळ नसेल तर सभेत गणवेशाआधी सांगितल्या तरी चालतील.

शेवटच्या पानावर 'पालकाची सही' या जागी सही करून पाठवत आहे. ती वाचून केली आहे. काय कळले, ते मात्र विचारू नये.

आपला आज्ञाधारक,
एक पालक