सुधारित किमतीची गाडी

आमच्या शहादा तालुक्यात सौदा पक्का झाला का हे विचारायचं असेल तर कोणी "करार झाला का" असं विचारत नाही. "विसार दिला का?" एवढंच विचारतात. बैलजोडी असो, केळीचा बाग असो की घराची जागा, विसाराची रक्कम हातात पडली की भाव बांधला गेला. दुसऱ्या दिवशी कोणी वाढवून द्यायला आला तर विकणारा तोंड पाडून म्हणतो, "काल यायचं ना, आता विसार घेऊन बसलोय." माझ्या लहानपणी नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पाच रुपयांच्या विसारावर एक बैलजोडी आठ दिवस अडवून ठेवली होती. नवव्या दिवशी ते उरलेले पैसे घेऊन गेले तेव्हा बैल तेच होते आणि भावही तोच होता.

अशा घरात वाढलेल्या माणसानं विजेवर चालणारी पिकअप बुक केली.

कारण पपई. पपई तोडली की थांबत नाही. रद्दीच्या कागदात गुंडाळून, पोटच्या लेकरासारखी जपून तिला बांधापासून रस्त्यावरच्या ट्रकपर्यंत न्यावी लागते, आणि त्या चार किलोमीटरसाठी पिकअपवाला जो आकडा सांगेल तो द्यावा लागतो. २००५ साली टाटांचा छोटा हत्ती बाजारात आला तेव्हापासून गावात प्रत्येकाच्या मनात एक हत्ती झुलतो आहे. माझ्याही मनात होता. पुढे, २०२२ मध्ये, तो हत्ती विजेवरही आला. मग इतरही कंपन्या पुढे सरसावल्या. त्यातल्या एका नव्या कंपनीची जाहिरात पुतण्यानं मोबाइलवर दाखवली. कंपनीचं नाव घेत नाही. घेतलं तर पुन्हा फोन सुरू होतील.

जाहिरातीत गाडी एका डोंगरावर एकटीच उभी होती. शेजारी सूर्य उगवत होता. खाली लिहिलं होतं : सुरुवातीची किंमत फक्त ५ लाख ९९ हजार. बुकिंग फक्त ९९९. किमतीच्या डोक्यावर एक छोटीशी चांदणी होती. मला ती शोभेची वाटली.

पुतण्यानं ९९९ रुपये भरले. ओट्यावरच्या खाटेवरून नानांनी विचारलं, "भाव बांधा का?"

"बांधा ना नाना. पैसे दिले."

या व्यवहारातला माझा शेवटचा आनंदाचा दिवस तोच.

दुसऱ्या दिवसापासून मेसेज सुरू झाले. मराठीत होते, म्हणजे अक्षरं मराठी होती. "प्रिय मूल्यवान ग्राहक, तुमच्या विद्युत प्रवासात तुमचे स्वागत करण्यास आम्ही रोमांचित आहोत." मी मोठ्यानं वाचून दाखवला. घरात शांतता पसरली. विद्युत प्रवास हा शब्द ऐकून हिनं आधी पंपाच्या स्टार्टरकडे बघितलं, कारण मागच्या पावसाळ्यात मी त्याला ओल्या हातानं शिवलो होतो आणि तो प्रवास थोडक्यात टळला होता.

मग कागदपत्रं. आधार कार्ड पाठवा. पाठवलं. अस्पष्ट आहे, पुन्हा पाठवा. पाठवलं. दोन्ही बाजू एकत्र पाठवा. पाठवलं. चौथ्यांदा मागितल्यावर मात्र माझा स्वाभिमान जागा झाला. २९ सप्टेंबर २०१० रोजी या देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं ते आमच्याच तालुक्यात, टेंभली गावात. पंतप्रधान आले होते त्यासाठी. म्हणजे आधाराचं माहेर हे, आणि माहेरच्या माणसालाच ओळख विचारतात! हे मी त्या फोनवरच्या मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "हो सर. पण मागची बाजू ब्लर येतेय."

मुलगी गोड बोलायची. आमचा नंदुरबार जिल्हा गुजरातमध्ये येतो का, असं तिनं एकदा विचारलं. मी चिडलो नाही. आमच्या नवापूरच्या रेल्वे स्टेशनावर एक बाकडं आहे, त्याचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये. नवरा-बायको त्यावर बसले तर एक या राज्यात, एक त्या राज्यात. तेव्हा तिचा प्रश्न निम्मा बरोबर होता. मी तिला सांगितलं की आमची गाडी एमएच ३९ नंबरची असेल. ती म्हणाली, "नोटेड सर." पुढे सहा महिने माझ्या प्रत्येक बोलण्यावर ती "नोटेड सर" म्हणत राहिली. तिच्याकडे आता माझ्यावर छोटी कादंबरी होईल इतका मजकूर जमला असेल.

गाडी दसऱ्याला येणार होती. दसरा आला. सोनं लुटून घरी आलो तर मेसेज : "तुमच्या संयमासाठी धन्यवाद." नाना म्हणाले, "तू कव्हा संयम दिना त्यासले?" खरंच, मी तो दिलाच नव्हता. त्यांनी परस्पर घेतला होता.

दिवाळीत दुसरं पत्र आलं. हे लांब होतं. लांब पत्राची मला धास्तीच आहे. कर्जमाफीचं पत्र एका ओळीचं असतं आणि नोटीस दोन पानांची. पहिल्या परिच्छेदात पृथ्वी वाचवण्याबद्दल होतं. दुसऱ्यात माझं कौतुक होतं, पृथ्वी वाचवण्यात मी अग्रभागी होतो म्हणे. तिसऱ्यात "जागतिक पुरवठा साखळीतील गतिमान परिस्थिती" होती. चौथ्या परिच्छेदाच्या पोटात, पपईत काळं बी असावं तसं, एक वाक्य दडलेलं होतं : "त्यामुळे वाहनाची किंमत सुधारित करण्यात आली आहे."

सुधारित! आमच्याकडे सुधारित म्हटलं की बियाणं. सुधारित वाण म्हणजे जास्त पीक, कमी रोग. म्हणून क्षणभर मला बरंच वाटलं. किंमत सुधारली, म्हणजे बरी झाली असेल बिचारी. पुतण्यानं खाली सरकवून आकडा दाखवला. ६ लाख ८४ हजार.

आमचा पपईचा व्यापारी काही संत नाही. दर हंगामात शहाद्याच्या बाजार समितीत भावावरून शेतकरी आणि व्यापारी समोरासमोर बसतात, आवाज चढतात, बैठक मोडते, पुन्हा भरते. पण तो माणूस सकाळी बांधावर येऊन तोंडावर सांगतो, "भाऊ, आज दोन रुपये पडला." पडला म्हणजे पडला. भाव "सुधारित" झाला असं म्हणायची त्याची छाती नाही, कारण हातात कोयता घेतलेली माणसं आजूबाजूला उभी असतात.

मी फोन केला. मुलगी तीच. मी म्हटलं, "ताई, विसार दिला होता. भाव बांधला होता."

"सर, ते विसार नाही. ते आरक्षण शुल्क आहे."

"फरक काय?"

"सर, त्याने तुमचा रांगेतला क्रमांक आरक्षित होतो. किंमत नाही."

एवढं सरळ वाक्य त्या कंपनीकडून सहा महिन्यांत पहिल्यांदाच ऐकलं. चांदणीचा अर्थही तिनंच सांगितला. खाली राजगिऱ्याच्या दाण्याएवढ्या अक्षरात लिहिलं होतं की किंमत एक्स-शोरूम आहे, मर्यादित काळासाठी आहे आणि पूर्वसूचनेशिवाय बदलू शकते. विमा वेगळा, नोंदणी वेगळी, चार्जर वेगळा, "हाताळणी खर्च" वेगळा. हौद्यावरची ताडपत्री तर अर्थातच वेगळी. एका चार्जमध्ये १५० किलोमीटर, तेही "आदर्श परिस्थितीत". मी विचारलं, भरलेला हौदा घेऊन तोरणमाळचा घाट चढायचा असेल तर? ती म्हणाली, "नोटेड सर."

रात्री झोप येईना. शेतातली थ्री फेज लाइन त्या आठवड्यात रात्रपाळीची होती, तेव्हा तसंही जागंच राहायचं होतं. पंप सुरू करून बांधावर बसलो आणि मोबाइलवर वाचत सुटलो. वाचता वाचता कळलं की या दुःखात मी एकटा नाही, अमेरिकाभर माझे भाऊबंद पसरलेले आहेत.

तिथं टेस्लानं नोव्हेंबर २०१९ मध्ये सायबरट्रक नावाची विजेची पिकअप दाखवली. पोलादी पत्र्याची आणि कोनाकोनाची, आमच्या गावातल्या धान्याच्या कोठीला चाकं लावावीत तशी. काच फुटत नाही हे दाखवायला स्टेजवरच गोळा मारला, आणि काच तडकली. मग दुसऱ्या काचेवर मारला, तीही तडकली. तरी लोकांनी शंभर-शंभर डॉलर भरून लाखांनी रांग लावली, कारण सुरुवातीची किंमत सांगितली होती ३९,९०० डॉलर. पहिल्या गाड्या दिल्या ३० नोव्हेंबर २०२३ रोजी. तेव्हा सर्वांत स्वस्त गाडीची किंमत लावली ६०,९९० डॉलर, आणि ती स्वस्त गाडी तर आणखी पुढच्या काळात मिळणार होती. २८ लाखांची गाडी ५० लाखांना. माझी ८५ हजारांची सुधारणा एकदम गरीब वाटू लागली.

फोर्डची विजेवरची पिकअप तर आमच्या कांद्याच्या भावाची सख्खी बहीण निघाली. मे २०२१ मध्ये सुरुवात ३९,९७४ डॉलरपासून. मग चार उड्या घेत मार्च २०२३ पर्यंत ती ५९,९७४ वर पोचली, आणि जुलैत एकदम दहा हजारांनी कोसळून ४९,९९५ वर आली. ज्यानं जूनमध्ये घेतली असेल त्याच्या घरी जुलैत काय बोलणी झाली असतील, ते कांदा उत्पादकाच्या घरी विचारावं.

पण मला खरी गोष्ट आवडली ती रिव्हियन कंपनीची. १ मार्च २०२२ रोजी तिनं पिकअपची किंमत सुमारे १७ टक्क्यांनी वाढवली, आणि ज्यांनी आधीच हजार डॉलर भरून नंबर लावला होता त्यांनाही तीच वाढ लावली. लोक उसळले. धडाधड बुकिंग रद्द करू लागले. तिसऱ्या दिवशी कंपनीच्या संस्थापकानं, आर. जे. स्कॅरिंजनं, पत्र लिहून माफी मागितली आणि १ मार्चच्या आधी नंबर लावलेल्यांना जुन्याच भावात गाडी मिळेल असं जाहीर केलं. म्हणजे एवढं शिकलेला माणूस दोन दिवस अभ्यास करून शेवटी नानांच्या मताला आला : विसार घेतला तर भाव बांधला.

आणि अमेरिकेत कशाला जायचं? जानेवारी २००८ मध्ये दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात रतन टाटांनी नॅनो दाखवली. लाखाची गाडी म्हटलं होतं, मध्ये पोलाद महागलं होतं, तरी शब्द तो शब्द असं तिथं सांगितलं. पुढे सिंगूरचा कारखाना सोडून साणंदला जावं लागलं. एप्रिल २००९ मध्ये बुकिंग उघडलं तेव्हा नुसता फॉर्म ३०० रुपयांना होता आणि दोन लाखांवर लोकांनी तो पैशांसकट भरला. सोडत काढून पहिले एक लाख ग्राहक ठरवले आणि त्यांच्यासाठी किंमत बांधून ठेवली. मागे थांबणाऱ्यांच्या पैशावर व्याजाची सोय केली. नॅनोचं पुढे काय झालं ते आपण बघितलंच. पण भाव बांधला होता, हे कोणाला नाकारता येणार नाही.

नानांना हे सगळं सकाळी सांगितलं. त्यांना नॅनोत रस नव्हता. ते त्यांच्या जवानीतल्या स्कूटरवर गेले. तेव्हा पोस्टात अनामत ठेवायची आणि नंबराची वाट बघायची, वर्षं जायची. मुलगी बघायला गेल्यावर "स्कूटरचा नंबर लागलाय" असं सांगितलं की चहात साखर वाढायची. चेतक स्कूटरसाठी लोक किती झुरले असतील! आता आमच्याकडे चेतक म्हटलं की सारंगखेड्याची यात्रा. दत्तजयंतीला तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो, त्याला आता चेतक फेस्टिव्हल म्हणतात. तिथं दर वर्षी कोटीच्या किमतीचा एखादा घोडा येतो. पेपरात फोटो, टीव्हीवर मालक. किंमत सगळ्या महाराष्ट्राला कळते. घोडा विकला गेल्याचं मात्र सहसा कानावर येत नाही. मालकाला विचारलं तर हसतो. त्याला घोडा विकायचाच नसतो, त्याला किंमत सांगायची असते.

एकदम डोक्यात प्रकाश पडला. माझी कंपनीही किंमत सांगायलाच बाजारात आली होती. गाडीचं नंतर बघू. फरक एवढाच की घोडेवाला बघायचे ९९९ घेत नाही.

त्याच दुपारी बुकिंग रद्द केलं. रद्द करायला आधार कार्डाची दोन्ही बाजूंची प्रत लागली. "तुम्हाला जाताना पाहून आम्हाला दुःख होत आहे" असा मेसेज आला. नानांनी तो दोनदा वाचायला लावला. इतक्या दिवसांत त्यांना तो एकच खरा वाटला.

परतावा ७ ते १० कामकाजाच्या दिवसांत जमा होईल असं कळवलं आहे. आज ४१ वा दिवस. परवा पपईचा तोडा आहे. गल्लीतल्या डिझेल पिकअपवाल्याशी खेपेचा भाव ठरला. विसार द्यायला खिशात हात घातला, तर तो म्हणाला, "राहू द्या काका, मी येतो ना."