उचलून न्या, फुकट!

निपाणी-बेळगाव महामार्ग सहापदरी होतोय आणि कडेची कंपाउंडं, शेडं हलताहेत. मालक घाईला आलेला. पोल, प्लेटा, वरचे पत्रे, सगळं उचलून न्या म्हणतो. इकडे गल्लीत गाडी लावायला जागा नाही, घरामागे मोकळी पट्टी पडून आहे. काँक्रीटचं शेड, तेही जवळजवळ फुकट! कोण सोडेल?

सोडू नकाच. आधी वजन करा.

रेडीमेड कंपाउंडची प्लेट साधारण ७ फूट लांब, १ फूट रुंद, २ इंच जाड. एकीचं वजन ८० किलोच्या आसपास. गाडीसाठी बाजूच्या भिंती तीन-तीन गाळ्यांच्या, मागची दोन गाळ्यांची धरा. आठ गाळे, उंची ६ फूट, म्हणजे ४८ प्लेटा. पावणेचार टनांच्या वर झालं आणि पोल अजून मोजलेच नाहीत. छोट्या हत्तीत पाऊण टन बसतं. हिशेब सहा खेपांचा होतो, लोक तीनमध्ये उरकायला बघतात. मध्ये तवंदीचा घाट आहे, हे टेम्पोवाल्याला कोण सांगणार?

भाडं वाचवायला निघालात ना? मग माल उतरवेपर्यंत गप्प बसून चालणार नाही.

कारण खरा घोळ काढतानाच होतो. जेसीबीवाल्याला तासाचे पैसे मिळतात. तो बकेट लावतो, पोल जमिनीलगत मोडतो, पुढच्याकडे वळतो. गाडलेले दोन फूट तिथेच राहतात. आठ फुटांचा पोल सहा फुटांचा होऊन घरी येतो. तो परत दोन फूट गाडा. वर किती उरला?

चार फूट. गाडीचा टपसुद्धा झाकत नाही.

म्हणून पोलभोवती पहारीने खणायला दोन माणसं लावा. एक दिवस जाईल. जाऊ दे. आणि प्लेट उचलताना धारेवर उभी धरा. आडवी धरली की मधोमध तडकते, आणि तडकलेली प्लेट कोणी परत घेत नाही.

दुसरं, कोपरे. सरळ कंपाउंडच्या पोलला समोरासमोर दोन खाचा असतात. शेडच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांना काटकोनातल्या खाचा लागतात. रस्त्याकडेच्या सरळ भिंतीत तो पोल आणायचा कुठून? गवंडी म्हणतो, ‘बघू, सिमेंट भरून घेऊ.’ असं ‘बघू’ म्हणून भरलेला कोपरा पहिल्याच जोराच्या वाऱ्यात हलतो. कोपऱ्याचे दोन पोल नवे घ्या, त्यात कंजुषी नको.

मालाची पारख मात्र सोपी आहे. दोन इंचांच्या प्लेटमधल्या तारेवर एका अंगाला इंचभरसुद्धा काँक्रीट नसतं. पाणी आत गेलं की तार गंजते, गंज फुगतो, आणि प्लेट आतून फुटते. तांबूस ओघळ दिसला, की ठेवा बाजूला. हातोडीने हलकं वाजवा. खणखणीत वाजली तर घ्या, बद्द वाजली तर नको. मालक कितीही म्हणो, ‘वरून प्लास्टर मारा, काही होत नाही.’

होतं. पाच पावसाळ्यांनी होतं, तेव्हा मालक भेटत नाही.

जमीन कोणती, हेही कोणी विचारत नाही. बेळगावच्या पश्चिमेची तांबडी, जांभ्याची जमीन पोल धरून ठेवते. निपाणीकडची तंबाखूची काळी रानं पावसात फुगतात, उन्हाळ्यात भेगाळतात. तिथे बेळगावच्या मापाचा खड्डा घेतलात, की पुढच्या वर्षी पोल एकमेकांकडे बघत झुकतात. काळी माती काढा, खाली मुरूम चेपा, मग काँक्रीट. आणि सकाळी पोल, संध्याकाळी प्लेटा, ही घाई कशाला? आठवडाभर टेकू देऊन पाणी मारलं तर बिघडतं काय?

त्याहून मोठी चूक छपराची. कंपाउंडचा पोल आडोशासाठी ओतलेला असतो, छप्पर पेलायला नाही. आषाढाच्या वाऱ्यात पत्रा खाली दाबत नाही, वर उचलतो आणि पोलला ओढतो. छपराला स्वतंत्र लोखंडी पाइप आणि स्वतंत्र पाया हवा. दोन-चार हजारांसाठी पोलवरच अँगल ठोकणारे मिस्त्री कमी आहेत का?

आणि आता ते पत्रे.

जुना करडा, नागमोडी सिमेंटचा पत्रा बहुतेक वेळा ॲस्बेस्टॉसचा असतो. अखंड आहे तोवर तो फारसा त्रास देत नाही. पण शेड हलवताना तो अखंड राहतो कधी? गंजलेला हूक सुटत नाही म्हणून हातोडी बसते. नव्या मापाला लांब पडतो म्हणून ग्राइंडर लागतो. पांढरी धूळ उडते, आणि शिडीवरचा पोरगा तोंडाला रुमालसुद्धा न बांधता कापत राहतो.

हे बघवत नाही. कोणालाच बघवू नये.

ॲस्बेस्टॉसच्या सगळ्याच जाती कर्करोग करतात, हे जागतिक आरोग्य संघटना कधीपासून सांगते आहे. रोग उमटायला कित्येक दशकं लागतात. म्हणूनच १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगाराच्या तब्येतीची नोंद कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षं, किंवा काम सुटल्यानंतर १५ वर्षं, यातलं जे नंतर येईल तोवर ठेवायला सांगितली. शिडीवरच्या रोजंदाराची नोंद कोण ठेवतो? त्याचं आडनावही कोणी विचारलेलं नसतं.

ब्रिटनमध्येही परसातली जुनी काँक्रीटची गॅरेजं अशीच सोडवून नेली जातात. तिथे १९९९ साली ॲस्बेस्टॉसवर बंदी आली, त्यामुळे छपराची चौकशी आधी होते. आपल्याकडे खाणींना नवे पट्टे देणं १९८६ साली थांबलं, पण माल बाहेरून येतो आणि पत्रे बनत राहतात. मग आपण कशाची चौकशी करतो? पत्र्याला भोकं किती, याची!

उतरवायलाच लागले तर पत्रे ओले करा, हुकाचे नट कापा, पत्रा कापू नका. मास्क आणून कामगाराच्या हातात द्या, ‘लागला तर सांग’ म्हणू नका. नव्या शेडवर मात्र साधा लोखंडी पत्रा घाला.

मालक म्हणेल, सगळं न्या, नाहीतर काहीच मिळणार नाही. त्याला तोंडावर सांगा, पोल आणि प्लेटा नेतो, वाटल्यास वर चार पैसे देतो, पत्र्यांचं तुमचं तुम्ही बघा. व्यवहार मोडला तर मोडू दे.