पाच जेवणांचं गाव

पुतण्याची बॅग धानाच्या काट्यावर ठेवली होती. विमानात २३ किलो चालतात आणि काटा २५ दाखवत होता. चिन्नोर तांदळाची पिशवी दोनदा बाहेर आली, दोनदा आत गेली. शेवटी जीन्स बाहेर राहिली आणि चिन्नोर आत. भंडारा जिल्ह्यात असे निकाल आधीच ठरलेले असतात.

ओट्यावरून आईनं विचारलं, "किती लांब हाय रे तुझं गाव?"

"दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्को १२,४०० किलोमीटर, आजी. सोळा तास."

"ते राहू दे. जेवनं किती लागतीन?"

"विमानात दोनदा देतात."

"मंग दोन जेवनांचं गाव हाय म्हन. जवळच हाय!"

मी हसलो खरा. पण किलोमीटरवर तरी किती भरवसा ठेवावा? २०१६ साली एअर इंडियानं हेच दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिक सोडून पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. वाट हजाराहून जास्त किलोमीटरनं लांबली आणि प्रवासाचा वेळ कमी झाला. कारण एकच, वारा पाठीशी आला. वैनगंगेत डोंगा घालणाऱ्या ढीवराला यात नवल वाटणार नाही. धारेसोबत जाणं आणि धारेविरुद्ध येणं यांचं अंतर एकच असतं, हे त्यानं कधी मानलेलंच नाही.

शिवाय विमानतळ ते विमानतळ हा हिशेब विमानाचा झाला, माणसाचा नव्हे. आमच्या रेल्वे स्टेशनाचं नावच 'भंडारा रोड'. ते आहे वरठीला. भंडारा तिथून पुढे रस्त्यानं गाठायचं, हे स्टेशन नावातच कबूल करून मोकळं झालंय. विमानतळाला तेवढीही लाज नाही. तो नागपूरच्या पार पलीकडे, सोनेगावला. मौदा मागे टाकून पारडीला पोचलं की वाटतं, आलंच. मग अख्खं नागपूर ओलांडायचं असतं.

एक काळ असा होता की आकाशातलं सगळं नागपूरलाच येऊन थांबायचं. १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास अशा चारही दिशांची विमानं मध्यरात्री नागपूरला उतरत, थैल्यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत परत जात. कलकत्ता–नागपूर अशी सरळ रेघ नकाशावर ओढली, तर ती जवळजवळ भंडाऱ्यावरूनच जाते. म्हणजे देशभरची ख्यालीखुशाली आमच्या झोपलेल्या कौलांवरून जायची. आमचं पत्र मात्र आधी नागपूरला जाऊन मग विमानात बसायचं.

पोचल्यावर पुतण्याचा फोन आला. दिल्लीहून पहाटे निघाला आणि त्याच तारखेच्या सकाळी तिथे उतरला. आईला ते पटेना. "तारीख एकच, तर मंग दोन जेवनं कशी झाली?" आम्ही घड्याळ, पृथ्वी, सूर्य सगळं समजावलं. तिनं बोटं मोजली: नागपूरला एक, दिल्लीत थांबला तेव्हा एक, विमानात दोन, घरी पोचून एक. "पाच झाली. तू दोन म्हनला होता."

तिचा हिशेब बरोबर होता. विमानतळावर कुणी राहत नाही. अंतर ओट्यापासून मोजायचं असतं. तुमचं कुणी निघालं असेल, तर तिकिटावरचे तास जरूर वाचा. पुऱ्या मात्र तीन जेवणांच्या जास्तच बांधा.