आधी आवणी, मग मुलाखत

राजूरच्या पोराची ऑनलाइन मार्केटिंगच्या मुलाखतीची तयारी जोरात आहे. सीटीआर तोंडपाठ: शंभर वेळा जाहिरात दिसली, दोनदा टिचकी पडली, की दोन टक्के. एसईओ झालं, फनेल झालं. वर इस्त्रीचा शर्ट, खाली बर्मुडा. मागच्या भिंतीवरचं खतांच्या दुकानाचं कॅलेंडर उतरवलं. एवढ्यात कंपनीचा मेल आला: मुलाखतीआधी एक छोटीशी असाइनमेंट.

कंपनी भंडारदऱ्याला धरणाकाठी तंबू भाड्याने देते. तेव्हा काजव्यांच्या हंगामासाठी तीस दिवसांच्या पोस्ट, बारा रीलच्या संहिता, कीवर्डची यादी, शेजारच्या पाच तंबूवाल्यांचा अभ्यास आणि जाहिरातींचं बजेट. मेल शुक्रवारी संध्याकाळी सातला, मुदत सोमवारी सकाळी दहाची. पगाराचं मुलाखतीत बोलू.

आमच्या राजूरला डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं. घेणारा दात बघतो, खूर बघतो, शेपटीला हात लावतो, चार पावलं चालवतो, मग रुमालाखाली बोटं धरून भाव ठरतो. फसवाफसवी तिथेही चालते. पण 'बैल आधी घरी नेतो, चिखलणी करून घेतो, आवणी उरकली की कळवतो' असं म्हणणारा अजून कुणी पाहिला नाही. म्हणेल तर मालक कासरा कुठे बांधायचा ते बरोबर दाखवील! आणि इथे सात कंपन्यांनी सात वेळा चिखलणी करून घेतलेली पोरं हसतमुखाने आठवी असाइनमेंट करताहेत, कारण कोर्सवाल्या सरांनी सांगितलंय की याने 'पोर्टफोलिओ' होतो. सरांनी फी मात्र पोर्टफोलिओत घेतली नव्हती, रोख घेतली होती. अरे, चोवीस तास राबवून घ्यायचं तर चोवीस तासांची मजुरी द्या ना! आवणीच्या बाईला संध्याकाळी हिशेब मिळतो, वर दुपारची भाकरी, लॅपटॉपवाल्याला ऑटो-रिप्लाय.

तर पोराने दोन रात्री गच्चीवर, रेंज येते त्या टाकीला टेकून, सगळं केलं. मुलाखत अकरा मिनिटं चालली. त्यातली चार 'आवाज येतोय का'मध्ये गेली. पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता, हेही विचारलं. नंतर निरोप आला, तुमचा बायोडेटा आम्ही जपून ठेवला आहे.

बायोडेटाच कशाला, साहेबांनी पोस्टही जपल्या होत्या. मे सरता सरता हिरडा-बेहड्याची झाडं लुकलुकू लागली तशी एकेक बाहेर पडली, पोराच्या चुकलेल्या स्वल्पविरामासकट. नवव्या दिवसाच्या पोस्टमधून तेवढं एक वाक्य गाळलं होतं: 'गाडीचे दिवे आणि मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवा, काजव्यांना जोडीदाराची खूण दिसत नाही.' त्याने म्हणे बुकिंग घटतं.