पोलिसाला दाखवायच्या विम्याबद्दल नानांस खुले पत्र

तीर्थरूप नानांस,



हे पत्र कुणा एका नानांना नाही. ओतूरचे आबा, घोडेगावचे निवृत्त गुरुजी, कारखान्यातून रिटायर झालेले भाऊसाहेब, असे साठी-सत्तरी ओलांडूनही स्वतः गाडी चालवणारे जुन्नर-आंबेगावातले सगळे यात आले. नाना म्हटले की कुणाला राग येत नाही, म्हणून नाना.

प्रथम अभिनंदन. विम्याची मुदत संपली की आपण एजंटाला एकच वाक्य सांगता, "कमीत कमीचा काढ, पोलिसाला दाखवण्यापुरता." बाराशे सीसीच्या गाडीला या कमीत कमीच्या, म्हणजे थर्ड पार्टीच्या विम्याचा हप्ता १ जून २०२२ पासूनच्या दराने ३,४१६ रुपये. वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे चार हजारांच्या थोडे पुढे. विना विमा सापडलात तर कायद्याने पहिल्या वेळचा दंड २,००० रुपये. दोन हजार वाचवायला चार हजार! नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या क्रेटमागे पाच रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करणाऱ्या माणसाचा हा हिशेब, म्हणून कौतुक जास्त.

हा हप्ता ठरवताना सरकार आपले वयही विचारत नाही. इंजिनाचा सीसी विचारते. मोतीबिंदू पिकत आलेले आपण आणि परवा लायसन मिळालेला नातू, दोघांना एकच दर. त्यावरून आपण ठरवून टाकलेत की वयाचा आणि विम्याचा काही संबंध नाही. संबंध आहे, नाना. तो पावतीवर छापत नाहीत इतकेच.

"चाळीस वर्षांत कुणाला खरचटले नाही," हे आपले वाक्य तालुक्याला पाठ आहे. अशा माणसासाठी विम्यात बक्षीसही ठेवले आहे, नो क्लेम बोनस. एक वर्ष दावा केला नाही तर २० टक्के सूट, पाच वर्षांनी ५० टक्के. पण ही सूट मिळते ती स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर. थर्ड पार्टीवर नाही. म्हणजे ज्या भागात आपल्या पुण्याईला भाव आहे, तेवढाच भाग आपण वगळता. याला वैराग्य म्हणतात.

आणि धडक आपणच द्यायला हवी असेही नाही. कारखान्याचा गळीत हंगाम लागला की रात्री मंचर-पारगाव रस्त्याने दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर जातो. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, ऊस दोन्ही अंगांनी बाहेर. समोरून हायबीम आला की सत्तरीतल्या डोळ्यांना सावरायला तिशीपेक्षा जास्त वेळ लागतो. हा आपल्या ड्रायव्हिंगवरचा शेरा नाही, बुबुळाचा धर्म आहे. पावसाळ्यात माळशेज घाटात दरडी येतात. उसातून बिबट्या रस्त्यावर येतो. वनखात्याची भरपाई माणसासाठी आहे, गुराढोरांसाठी आहे, बॉनेटसाठी नाही. दरड, पूर, आग, चोरी आणि आडवे आलेले जनावर या सगळ्याला आपले लोक ज्याला 'फुल्ल विमा' म्हणतात तो लागतो.

बॉनेटचे जाऊ द्या, पत्राच तो. आपल्या मागच्या सीटचे बोलू. चतुर्थीला ओझरला जाताना आपण शेजारच्या काकूंना घेता, भजनी मंडळातल्या दोघांना घेता, कुणाला दवाखान्यात सोडता. गावात दुसरी गाडी लवकर मिळत नाही आणि आपल्या तोंडून 'नाही' निघत नाही. आपला समज असा की आपण सोडून बाकी सगळे थर्ड पार्टी. मात्र सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालात फरक स्पष्ट केला आहे: खासगी मोटारीत बसलेली माणसे नुसत्या कायद्यापुरत्या पॉलिसीत येत नाहीत, पॅकेज पॉलिसीत, म्हणजे त्याच फुल्ल विम्यात, येतात. म्हणजे चूक आपली ठरली, तर रस्त्यावरच्या अनोळखी माणसाची भरपाई कंपनी देईल आणि आपल्या काकूंची आपण द्यायची. पोस्टातल्या ठेवीतून, नाहीतर विहिरीजवळचे दोन एकर काढून. पोलिसाला दाखवायच्या कागदावर हे लिहिलेले असते, पण तो कागद पोलिसही वाचत नाही आणि आपणही नाही. डिझेलला म्हणून माणशी शंभर-दोनशे घेऊन भीमाशंकरला नेत असाल, किंवा मागे टोमॅटोचे क्रेट रचत असाल, तर फुल्ल विमाही हात वर करू शकतो. खासगी गाडीच्या पॉलिसीत भाडे आणि मालवाहतूक बसत नाही.

बरे, गाडी कुणाची? पुण्याच्या मुलाने नवी घेतली आणि जुनी गावाला धाडली. आरसीवर नाव त्याचे, स्टिअरिंगवर हात आपले. मालक-चालकाचा जो १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो, तो आरसीवरच्या मालकाचा. आपल्या अंगावर बेतले तर त्यातून काही मिळत नाही. मुलगा मात्र हिंजवडीत पूर्ण सुरक्षित आहे. गाडी नावावर करून घ्या, पॉलिसीही नावावर करायला १४ दिवसांत अर्ज द्या. बोनस त्याच्याकडेच राहील, कारण तो माणसाचा असतो, गाडीचा नसतो. नाव बदलायचे नसेल तर स्वतःसाठी वेगळा अपघात विमा घ्या, वयाची अट आधी विचारून.

आता आपण चिडून एजंटाला म्हणाल, "घाल सगळे." तेही नको. दहा वर्षांच्या वॅगन-आरला 'रिटर्न टू इन्व्हॉइस' (मूळ बिलाएवढी भरपाई) आणि किल्ली हरवल्याची भरपाई विकणारा माणूस आपला हितचिंतक नाही. झिरो डेप (घसारा न कापता भरपाई) नव्या गाडीला जरूर घ्यावे, कारण ते नसेल तर प्लास्टिकच्या बंपरचे कंपनी निम्मेच पैसे देते. गाडी जुनी झाली की बऱ्याच कंपन्या स्वतःच ते द्यायला कां-कू करतात. हप्ता उतरवायला आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत, पाडून घेऊ नका. गाडी चोरीला गेली तर हातात तोच आकडा येतो. पैसे वाचवायची सरळ वाट दुसरी आहे: २०२२ पासून, गाडी जेवढी चालेल तेवढा हप्ता, अशी सोय विमा प्राधिकरणाने मोकळी केली आहे. चतुर्थी, लग्नसराई आणि बाजारापुरती गाडी काढणाऱ्यासाठी याहून नेमकी सोय मला ठाऊक नाही, आणि एजंट हीच सांगत नाही.

हे सगळे घेतले तरी एक कागद नसेल तर व्यर्थ. पंचावन्न वर्षांनंतर लायसन पाच-पाच वर्षांनीच वाढते आणि त्याला डॉक्टरचा नमुना १-अ चा दाखला लागतो. मुदतीनंतरची महिन्याची सवलत २०१९ च्या दुरुस्तीत गेली. वर्ष उलटले तर पुन्हा परीक्षा द्यावी लागते. मुदत संपलेल्या लायसनवर गाडी ठोकली की कंपनी आपल्या गाडीचा दावा नाकारते, आणि १५ लाखांचा अपघात विमाही त्याच तारखेला अडकतो.

तेव्हा नाना, एजंटाला फोन करण्याआधी खिशातले लायसन काढा आणि त्यावरची मुदत वाचा. चष्मा लावून.

आपला आज्ञाधारक,
मागच्या सीटवरचा एक प्रवासी