शेडकार्डवाले काका

जुन्या बंगल्यांच्या कुठल्याही सोसायटीत एक शेडकार्डवाले काका असतातच. कोथरूडला असतात, नाशिकच्या कॉलेज रोडला असतात, सांगलीच्या विश्रामबागेतही असतात. पाऊस ओसरला आणि नवरात्राचे घट बसले, की ते फाटकाबाहेर पडतात, रस्ता ओलांडतात आणि पलीकडच्या कडेला उभे राहून स्वतःच्याच घराकडे मुलगी बघायला आल्यासारखे बघत राहतात. कमरेला घरची लुंगी, वर बाहेरचा शर्ट, डोळ्यांवर जवळचा चष्मा, कपाळावर लांबचा आणि हातात रंगाच्या कंपनीचे भलेमोठे शेडकार्ड. हे कार्ड दुकानदाराने ‘बघून परत आणून द्या’ म्हणून दिलेले असते. ते परत गेल्याचे आजवर कोणी पाहिलेले नाही.

काकांचा बंगला १९८० च्या आसपासचा. त्या काळात विटा गिलाव्याखाली न झाकता उघड्या ठेवायची टूम निघाली होती. लॉरी बेकर नावाचे जन्माने इंग्रज असलेले आर्किटेक्ट तिकडे केरळात उघड्या विटांची देखणी आणि स्वस्त घरे बांधत होते. काकांच्या आर्किटेक्टने त्यातला ‘देखणी’ हा भाग समजावून सांगितला, काकांनी ‘स्वस्त’ तेवढा ऐकला. बाहेरचा गिलावा वाचला, रंग वाचला. पुढे १९९० साली बेकरना पद्मश्री मिळाली, तेव्हा तिचा थोडा अंश आपल्याही भिंतींना लागू आहे, असे काकांनी धरून टाकले. एलटीसीवर केरळला गेले तेव्हा कोवळम राहिले बाजूला, तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजमधल्या विटांच्या जाळ्या बघायला त्यांनी सगळ्या कुटुंबाला उन्हातून चालवत नेले. काकू ती सहल अजून विसरलेल्या नाहीत.

आता मात्र शेजारच्या बंगल्याचे रीडेव्हलपमेंट झाले आणि तिथे करड्या रंगाची उंच इमारत उभी राहिली. तिच्या पायथ्याशी काकांचे घर एकदम जुने दिसू लागले. पश्चिमेच्या भिंतीवर काळे शेवाळ. जोत्यापासून हातभर लोणा फुटून पांढरे पट्टे. क्रीम रंगाचे छज्जे मळून चहाच्या गाळणीच्या रंगावर गेलेले आणि ग्रिलना एके काळी सगळ्या पुण्याने लावलेला तो चॉकलेटी ऑइलपेंट. काकांनी जाहीर केले, ‘यंदा घर बाहेरून रंगवायचे.’

तिथून पुढे काकांना दुसरा विषय नाही. दक्षिणेच्या भिंतीवर त्यांनी नमुन्याचे चौकोन मारून घेतले आहेत. प्रत्येक चौकोनाखाली पेन्सिलने शेडचा नंबर, तारीख आणि शेरा : ‘बरा’, ‘उन्हात भडक’, ‘हिला नापसंत’. सकाळी आठला, भर दुपारी, संध्याकाळी पाचला आणि रात्री ट्यूबलाइट लावून ते चौकोन तपासले जातात. यात काकांचे अगदीच चुकते असे नाही. कार्डावरच्या टिकलीएवढ्या तुकड्यात सौम्य वाटणारा रंग पूर्ण भिंतीवर चढला की अंगावर येतो आणि एकच पिवळा सकाळी वेगळा, कलत्या उन्हात वेगळा दिसतो. चुकते ते एवढेच, की दुधवाला, पेपरवाला, कुरियरवाला आणि मोजणी करायला आलेला मीटर रीडर या सगळ्यांना ते चौकोनांसमोर उभे करून विचारतात, ‘हा की हा?’ मीटर रीडर आता काकांचा मीटर बघायला दुपारी येतो. काका त्या वेळी झोपलेले असतात.

सल्ला मागावा लागत नाहीच. अमेरिकेतला मुलगा व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवतो : विटांवर दूधपांढरा रंग, काळ्या खिडक्या, समोर हिरवळ. ‘बाबा, सगळं पेंट करून टाका, मॉडर्न दिसेल.’ समोरचे नाना म्हणतात, ‘पांढरा? आपल्या रस्त्यावरच्या धुळीत? मग पुढच्या दसऱ्याला परत परांची बांधा.’ वास्तूवाले एक स्नेही ईशान्येला फिकट निळा सुचवून जातात. काकू कार्ड चाळतात आणि ‘डेझर्ट’, ‘सँड’, ‘मिस्ट’ असली नावे ओलांडून थेट निकाल देतात : ‘हे वरण, हे पिठलं, हे फोडणी जळलेलं पिठलं. यातलं काहीही मला भिंतीवर नको.’

अखेर रंगारी येतो. हा मोजके बोलणारा माणूस. खिशातून पॉलिश पेपरचा तुकडा काढून तो विटेवर घासतो, नखाने दर्जातला, म्हणजे विटांमधल्या सांध्यांतला, जुना माल उकरतो. माल भुगा होऊन खाली पडतो. मग तो मान वर करून गच्चीच्या पन्हळीकडे बघतो आणि म्हणतो, ‘काका, रंगाचं नंतर बघू. ही पन्हळ फुटलीय. पाणी इथून विटेत उतरतंय.’

‘पण विटांवर रंग मारला तर पाणी आत जाणारच नाही ना?’

‘जाईल. दर्जातून जाईल, जोत्यातून चढेल. मग बाहेर कुठून येणार? रंगाला फोड येतील, पापुद्रे सुटतील. अन् एकदा वीट रंगवली काका, की दर चार-पाच वर्षांनी रंगवत बसा.’

काका गप्प होतात. ही त्यांच्या आयुष्यातली दुर्मीळ घटना असल्याने काकू स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघून जातात. रंगारी मग क्रम सांगतो. आधी पन्हळ दुरुस्त. मग जुना दर्जा बोटाच्या पेरभर खोल खरवडून नवा भरायचा आणि त्याला पाणी मारायचे. लोणा कोरड्या ब्रशने झाडायचा, कारण पाण्याने धुतला तर क्षार विटेत परत मुरतात. भिंत खडखडीत वाळली की वर पाणी अडवणारा पारदर्शक हात. रंग फक्त छज्ज्यांना, ग्रिलना आणि फाटकाला. ग्रिल खरवडून आधी रेड ऑक्साइड, मग दोन हात.

‘आणि शेड?’ काका कार्ड पुढे करतात.

रंगारी कार्डाकडे बघतही नाही. ‘विटेचा लाल हाच तुमचा रंग. शेजारी फिकट मातकट घ्या, लोखंडाला काळपट राखाडी. विटेशी भांडणारं काही नको.’

काम होते. विटा धुळीतून बाहेर येतात आणि आपण इतकी वर्षे कसल्या घरात राहत होतो, ते सोसायटीला पहिल्यांदा कळते. तो लाल मातीतल्या लोहाने भट्टीत धरलेला रंग आहे. गेरूचा लालही लोहाचाच. हा रंग उन्हाने विटत नाही आणि त्याला दुसरा हात लागत नाही. काका मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, ‘मी पहिल्यापासून म्हणत होतो, वीट झाकायची नाही.’ चौकोनांची भिंत रंगाऱ्याने घासघासून साफ केली, तरी दोन चौकोनांची सावली राहिलीच आहे. तिच्यासमोर आता मोगऱ्याची कुंडी आहे.

ज्यांच्या घराची वीट अजून उघडी आहे, त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. विटेवर रंग चढवायला आठवडा पुरतो, पण तो उतरवायला गेलात तर विटेचा भाजलेला वरचा थरही बरोबर निघतो आणि आतली मऊ वीट पावसाच्या तोंडी जाते. तेव्हा आधी पन्हळ, मग दर्जा, सगळ्यात शेवटी रंग. आणि शेडकार्ड आधी दुकानदाराला परत करा. त्याच्याकडे त्या कार्डाची वाट बघणारे दुसरे काका आहेत.