सरांची दुसरी सफारी

शिरूर कासारला सफारी म्हणजे कापड. राखाडी, फिकट निळा नाहीतर बिस्किटी रंग, चार खिशांचा शर्ट आणि त्याच ताग्यातली पँट. एके काळी जावयाला सफारी शिवली की सासरा मोकळा व्हायचा. मुकादमापासून मुख्याध्यापकापर्यंत, ज्याचं म्हणून गावात चार माणसं ऐकायची, तो सफारीतच दिसायचा. सरांना पहिली सफारी अशी लग्नात मिळाली. दुसरी त्यांनी सेवानिवृत्तीनंतर स्वतःच्या पैशानं केली. केनियात, तीन रात्री चार दिवस, नाश्ता-जेवणासहित.

हे सर म्हणजे कुणी एक माणूस नव्हे. असे सर पाटोद्याला निघतील, आष्टीला निघतील, गेवराईत शोधले तर दोन सापडतील. ओळखायची खूण सोपी आहे. हनुवटीखाली दोरी असलेली खाकी टोपी बाजारात मेथीची जुडी घेतानाही डोक्यावर असते, आणि भाव सांगितल्यावर सर आधी ‘हाकुना मटाटा’, म्हणजे स्वाहिलीत ‘काही चिंता नाही’, असं म्हणतात आणि मग दोन रुपये कमी करायला लावतात.

या सगळ्याचं बी पडलं ते २०२२ च्या १७ सप्टेंबरला. मराठवाडा मुक्तिदिनाचं झेंडावंदन आटोपून सर घरी आले, तर टीव्हीवर नामिबियातून आलेले आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोत सोडण्याचा सोहळा चालू होता. विमानानं आलेला चित्ता पिंजऱ्यातून बाहेर पडून गोंधळल्यासारखा इकडंतिकडं बघत होता. सरांना वाटलं, हा तिकडून इकडं येतो, मग आपण इकडून तिकडं का जाऊ नये? चित्त्याचा खर्च सरकारनं केला होता, एवढाच फरक. सरांच्या हाती सातव्या वेतन आयोगाच्या फरकाचा हप्ता होता.

पुढचं दीड वर्ष वहीत गेलं. सरांची वही दोनशे पानी, पुठ्ठ्याच्या बांधणीची, शाळेच्या हजेरीपटासारखी आखलेली. मसाई माराच्या अभयारण्याचं तिकीट परदेशी माणसाला जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर, हे २०२४ चे दर त्यांनी लाल शाईनं लिहून ठेवले होते. तिकीट बारा तासांचं, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. म्हणजे रात्री झोपायला अभयारण्याच्या आत गेलं की हिशोब बिघडला. झोपायचं गेटाबाहेर. जायचं मे महिन्यात, तिकडच्या पावसाळ्याच्या शेपटाला, कारण तेव्हा तंबू स्वस्त.

पण मे महिन्यात गेलं की तो जगप्रसिद्ध देखावा हुकतो, लाखो विल्डबीस्ट मारा नदी ओलांडतात तो. ते जनावर टांझानियाच्या बाजूनं जुलैच्या सुमाराला वर येतं. सरांनी यावरही विचार केला होता. “गुरं नदी ओलांडतेत ते बघायला दुप्पट पैसे? सिंदफणेत आयुष्य गेलं बघण्यात.”

खरी अडचण ‘ग्लॅम्पिंग’ या शब्दानं केली. जाहिरातीत तो ठळक होता. ग्लॅमरस अधिक कॅम्पिंग, अशी फोड सरांनी हॉटेलात चहा पिता पिता करून दाखवली. म्हणजे तंबूत राहायचं, पण थाटात. बाकावरचा एकजण म्हणाला, “थाटात राहायचंय तर तंबू कशाला, आन तंबूत राहायचंय तर थाट कशाला?” तीस वर्षं व्याकरण शिकवूनही सरांना या वाक्यातली चूक काढता आली नाही.

जाणारे चौघे, चारही निवृत्त. सरांच्या पत्नीनं पासपोर्टसुद्धा काढायला नकार दिला, पण धपाटे भरपूर दिले. ते बांधायचे कशात, यावर घरात परिषद झाली. केनियानं २०१७ च्या ऑगस्टमध्ये प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी घातली आहे, आणि ती आपल्यासारखी पावती फाडून सुटायची बंदी नाही, चार वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तेव्हा धपाटे सुती धोतराच्या फडक्यात आणि शेंगदाण्याची चटणी स्टीलच्या डब्यात गेली. पीतज्वराची लस प्रवासाच्या दहा दिवस आधी टोचून घेतली. त्याचं पिवळं कार्ड आयुष्यभर चालतं, हे कळल्यापासून सर ते कार्ड आधारकार्डाच्या पुढच्या कप्प्यात ठेवतात. पंचायत समितीत ओळखपत्र मागितलं की आधी तेच बाहेर येतं.

मुंबईहून नैरोबी साडेचार हजार किलोमीटर. तिथून नारोकवरून माराचं सेकेनानी गेट गाडीनं पाच-सहा तास. सरांची कल्पना अशी की आफ्रिका म्हणजे ऊन. बीड जिल्ह्याच्या बेचाळीस अंशांतून निघालेले चौघे नैरोबीत उतरले ते अर्ध्या बाह्यांत, आणि पहाटे कुडकुडत चहाची टपरी शोधायला लागले. विषुववृत्त जवळ आहे हे त्यांनी वर्गात शिकवलं होतं. नैरोबी सतराशे मीटरच्या वर आहे हे त्याच धड्यात होतं, पण ते परीक्षेला येत नव्हतं. टपरीवाल्यानं ‘चाय’ म्हटलं. खायला ‘चपाती’ आली. साखर ‘सुकारी’, दुकान ‘डुका’, गाडी ‘गारी’, आणि बिल करायचं म्हटल्यावर ‘हेसाबू’. सरांचा ऊर भरून आला. परक्या मुलखात हिशोबाला हिशोब म्हणणारा माणूस भेटणं ही साधी गोष्ट नव्हे. सफारी या शब्दाचा स्वाहिली अर्थही नुसता प्रवास असा आहे, मूळ आपल्याच ओळखीची अरबी सफर. म्हणजे कापडाला ते नाव आपण नंतर लावलं.

आता जो प्रसंग सर स्वतः कधी सांगत नाहीत आणि बाकीचे तिघे नेहमी सांगतात तो.

सामायिक व्हॅन होती, टप वर उचलता येणारी, सात सीटची. चौघे शिरूरचे, एक पुण्याचं जोडपं. नारोक मागं पडलं, डांबर संपलं आणि कॅम्पच्या कच्च्या वाटेवर आदल्या रात्रीचा पाऊस साचलेला. चालकानं स्टिअरिंगवर हात आपटला आणि म्हणाला, “ब्लॅक कॉटन!” पुण्याची मंडळी खिडकीतून कापूस शोधायला लागली. सरांनी मात्र दार उघडून पाय खाली टाकला, तो घोट्यापर्यंत गेला आणि वर येताना बुटाला दोन किलो चिखल घेऊन आला. सरांना ओळख पटली. ही रेगूर. हीच काळी माती, उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसात बैलाचा खूर सोडत नाही ती. इंग्रजांनी दख्खनच्या कपाशीच्या रानावरून ठेवलेलं तिचं नाव थेट आफ्रिकेतल्या चालकाच्या तोंडी बसलेलं. 

चालक ॲक्सिलरेटर दाबत होता आणि चाक जागच्या जागी खड्डा खणत होतं. “रेस करू नको!” सर मराठीत ओरडले. मग पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ते खाली उतरले. पुढच्या पाऊण तासात निवृत्त मुख्याध्यापकाचा पुन्हा शेतकरी झाला. चाकांची हवा कमी करवली. चाकापुढचा चिखल हातानं ओढून काढला. समोर बाभूळ दिसली म्हणून ते फांद्या तोडायला निघाले, तेव्हा चालकानं त्यांना अक्षरशः धरलं, कारण त्या छत्रीसारख्या पसरलेल्या आफ्रिकी बाभळीचा पांढरा काटा बोटाएवढा असतो आणि स्टेपनी एकच होती. मग चपटे दगड आणि गवताच्या पेंढ्या. शेजारच्या वस्तीवरून लाल शाली पांघरलेले पाच-सहा मसाई तरुण आले, त्यांनी मागून खांदा दिला, सरांनी “हाँ… हाँ… हल्याऽ” असा बैलाला देतात तसा आवाज दिला. गाडी निघाली. कुणी कुणाची भाषा बोललं नाही आणि कुणाचं काही अडलं नाही. पुण्याच्या बाईंनी व्हिडिओ काढला. तो सरांनी आजवर कुणाला पाठवलेला नाही. त्यात टोपी नाही आणि बनियन दिसतं.

कॅम्पवरचा थाट सर वहीतून वाचून दाखवतात. सिमेंटचा ओटा, त्यावर कॅनव्हासचा तंबू, तंबूवर पत्र्याची सावली. आत दोन पलंग, मच्छरदाणी, चेनचं दार, मागं जोडून संडास-न्हाणी. वीज संध्याकाळी दिवेलागणीपासून दहापर्यंत, मोबाइलचं चार्जिंग तेवढ्यात. गरम पाणी लाकडावर तापवलेलं. मागं जाऊन बघितलं तर बंब! आपलाच बंब, फक्त आडवा. दिवसाला हजार डॉलर मोजणाऱ्यांच्या तंबूत म्हणे आंघोळीला टबही असतो. सरांच्या तंबूत ग्लॅमरसमधला ‘ग्लॅ’ तेवढा होता, बाकी कॅम्पिंग. रात्री तंबूबाहेर एक मसाई राखणदार काठी आणि बॅटरी घेऊन फिरायचा. त्याला ‘अस्करी’ म्हणतात. दूर तरस ओरडायचं तेव्हा सर चेन आतून पक्की आहे ना ते बघायचे, मग पुन्हा बघायचे.

सिंह दिसले. पहिल्याच सकाळी, झुडपाखाली, सहा. वायरलेसवर बातमी फुटली आणि पाच मिनिटांत व्हॅनचा बाजार भरला. सिंहांनी कुणाकडंही बघितलं नाही. सरांना ही बेफिकिरी आवडली. तपासणीला आलेले अधिकारी शाळेत असेच बसायचे. हत्ती, रानम्हैस दिसली. गेंडा एवढा लांब दिसला की तो गेंडाच होता हे चालकाच्या शब्दावर मान्य करावं लागलं. पायी शिकार करायला अवघड म्हणून जुन्या शिकाऱ्यांनी ज्यांना ‘बिग फाइव्ह’ नाव दिलं त्यातला पाचवा, बिबट्या, शेवटपर्यंत दिसला नाही. बलूनमधून दिसला असता, असं सरांचं मत आहे. बलूनचे चारशे डॉलरच्या वर पडतात. सरांनी बलून खालून बघितला.

परत आलेले सर हा वेगळा प्राणी आहे. एस.टी. स्टँडवर ते ‘जांबो’ करतात. पाटोदा तालुक्यातल्या नायगावच्या मयूर अभयारण्याचा विषय निघाला की म्हणतात, “छोटंय. आमचं मारा पंधराशे चौरस किलोमीटर.” हॉटेलातलं कुणीतरी विचारतं, “कुणाला मारा?” सर रागावत नाहीत. मारा म्हणजे मसाईंच्या भाषेत ठिपकेदार, झुडपांचे ठिपके पडलेला मुलूख, असं समजावून सांगतात. समोरच्या माळावरही बाभळीचे तसेच ठिपके पडलेले असतात. तिकडं सर बघत नाहीत.

शिकारीवर मात्र त्यांचं बोलणं ऐकण्यासारखं झालं आहे. २०२५ च्या मार्चमध्ये हरणांच्या शिकारीवरून शिरूर कासारचं नाव राज्यभर पेपरात आलं, तेव्हा ते दोन दिवस टोपी न घालता हिंडत होते. “केनियानं १९७७ ला शिकार बंद केली,” ते म्हणायचे, “आन आपला कायदा त्याच्याही आधीचा, १९७२ चा.” तालुक्यातल्याच तागडगावला सिद्धार्थ आणि सृष्टी सोनवणे यांचं सर्पराज्ञी केंद्र आहे. जखमी हरणं, मोर, साप, घारी तिथं बऱ्या होतात आणि परत रानात सुटतात. कुणीतरी विचारलं, सर, तिथं गेलात का? सर म्हणाले, “जायचंय.” पासपोर्ट लागत नाही त्या ठिकाणी आपल्याकडं असंच होतं.

सगळ्यांना फोटो दाखवून झाले, राहिल्या थोरल्या वहिनी. या बाईनं सरांचं डी.एड. आपल्या कोयत्यावर केलं. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाकडून उचल घेऊन टोळीबरोबर ऊसतोडीला निघायचं, गुढीपाडव्याच्या आसपास परतायचं, अशी नवरा-बायकोची बावीस वर्षं फडात गेली. कधी संगमनेर-अकोल्याकडं, कधी कर्नाटकात. सर मोबाइल घेऊन ओसरीवर बसले आणि तंबूचा फोटो मोठा करून त्यांच्यापुढं धरला.

वहिनींनी डोळे बारीक केले. “कोपच की ही.”

“कोप नाही वहिनी. टेंट. ग्लॅम्पिंग म्हणतेत.”

“बरं. पण खाली वटा केलाय, ते झ्याक केलं. आमच्या कोपीत खालून वल यायची. पाचट टाकलं तरी यायची. दार कुणीकडं?”

सर गोंधळले. दार कुणीकडं हे वहीत नव्हतं.

“वाऱ्याच्या तोंडाला दार ठिवत नसतेत,” वहिनी म्हणाल्या. मग तंबू, बंब, बाभळीच्या काट्यांचं मसाई वस्तीचं कुंपण, सगळं त्यांनी मन लावून बघितलं आणि प्रत्येकात काहीतरी सुधारणा सुचवली. सिंह त्यांनी झटकन पुढं सरकवले. बिबट्याचा फोटो कुठंय म्हणून विचारलं. तो दिसलाच नाही, असं सर ओशाळून म्हणाले.

“आम्हाला दोनदा दिसला. अकोल्याकडच्या फडात. एकदा तर सरीतच बसल्याला.”

यात वहिनींची बढाई अजिबात नव्हती. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले खोऱ्यात कॅमेरे लावून बिबटे मोजले, तो अभ्यास २०१३ मध्ये छापून आला. जंगल नाही, नुसता ऊस आणि गावं, तरी शंभर चौरस किलोमीटरला जवळपास पाच मोठे बिबटे निघाले. त्याच उसात कोयता चालतो आणि फडाजवळच्या कोपीत लेकरं झोपलेली असतात. २०२० च्या हिवाळ्यात तर आष्टी तालुक्यातच बिबट्यानं माणसं मारली, तेव्हा शिरूरच्या वस्त्यांवरही लोक रात्री पाणी द्यायला एकटे जात नव्हते.

“आन ह्यो कोण?” वहिनींनी पुढच्या फोटोवर बोट ठेवलं. तंबूपुढं लाल शाल, हातात काठी.

“अस्करी. राखणदार. रातभर जागतो.”

“रातभर?”

“हो.”

“लेकरंबाळं?”

“असतील. गाव जवळच होतं त्याचं.”

“मंग बरंय.” वहिनी थोडा वेळ त्या माणसाच्या पायातल्या टायरच्या चपलांकडं बघत राहिल्या. “उचल किती घेतली व्हती त्यानं?”

सरांनी चष्मा लावला, वही मांडीवर घेतली आणि टिपच्या रकान्यात बोट फिरवत आकडा शोधायला सुरुवात केली.